सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण पीक विम्याच्या, अकरावीच्या किंवा ई-केवायसीच्या रांगेत ज्यांनी कधी अर्धा दिवस घालवला असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं सरकारी उत्तर कोणतं? "सर्व्हर डाऊन आहे." रिसोडला तेच, मानोऱ्याला तेच, कारंज्याला तेच. सेवा केंद्रावरचा पोरगा म्हणतो, "भाऊ, साईट चालूच नाही होऊन राहिली, सांजच्याला येजा." सांजच्याला गेलं तर अर्धा फॉर्म भरतो, ओटीपी येतो, आणि सबमिट दाबलं की चक्र फिरत बसतं. तालुक्याच्या कार्यालयात विचारलं तर साहेब स्वतःच्या कॉम्प्युटरवर साईट उघडून दाखवतात: "हे बघा, इथं तर चालू आहे."

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. आणि सगळी गोची इथंच आहे.

साईट पूर्ण बंद पडली तर बरं. सगळ्यांनाच दिसतं, वर फोन जातात, मुदतवाढ मिळते. पण साईट येतंय-जातंय करत राहिली, दहा जणांचं झालं आणि पाच जणांचं अडकलं, की अडकलेल्याचं कोणी ऐकत नाही. "बाकीच्यांचं कसं झालं मग?" असा उलटा प्रश्न त्यालाच येतो. म्हणून आज या येतंय-जातंय प्रकाराबद्दल लिहितोय. मी इंजिनिअर नाही, माझ्याकडे पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. पण तालुक्याच्या बातम्या करताना हा शब्द इतक्यांदा लिहावा लागला, की त्याच्या आत काय असतं हे समजून घेणं भाग पडलं.

आधी एक साधा हिशोब बघा.

समजा एका ऑनलाइन अर्जाचे सात टप्पे आहेत. लॉगिन, आधार, ओटीपी, बँक, गट नंबर, कागद अपलोड, शेवटचं सबमिट. प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा व्यवस्थित चालतो. वरच्या कार्यालयात अहवाल जाईल, "प्रणाली ९० टक्के सुरळीत." ऐकायला चांगलंच आहे. पण सातही टप्पे एका दमात पार पडण्याची शक्यता किती? नव्वद टक्क्याचे नव्वद टक्के, त्याचे पुन्हा नव्वद टक्के, असं सात वेळा करा. उत्तर येतं सुमारे ४८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त अर्ज मध्येच कुठेतरी अडकणार. साहेबांचा कागद ९० टक्के म्हणतो, रांगेतला माणूस म्हणतो निम्म्यांचं होत नाही. दोघंही बरोबर. फरक एवढाच की एकानं टप्पा मोजला आणि दुसऱ्यानं माणूस.

आता सर्व्हरच्या आत काय होतं ते तहसील कार्यालयाच्या उदाहरणावरून सांगतो. ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

कार्यालयाच्या गेटवर एक शिपाई आहे. आलेल्या माणसाला तो मोकळ्या खिडकीवर पाठवतो. आत पाच खिडक्या आहेत. खिडकीवरचा बाबू अर्ज घेतो, पण जुनी नोंद बघायला त्याला मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जावं लागतं. रेकॉर्ड रूममध्ये एका वेळी वीसच जण मावतात. वेबसाईटची रचना थोडीफार अशीच असते. शिपाई म्हणजे लोड बॅलन्सर, खिडक्या म्हणजे वेब सर्व्हर, रेकॉर्ड रूम म्हणजे डेटाबेस. एका वेळी वीस जण ही मर्यादा म्हणजे कनेक्शन पूल.

एका कामाला रेकॉर्ड रूममध्ये दोन सेकंद लागतात असं धरा. वीस जण, दोन सेकंद, म्हणजे सेकंदाला दहा कामं. तासाला ३६ हजार. काही कमी नाही. पण शेवटच्या दिवशी सेकंदाला बारा जण यायला लागले. दोनच जास्त. दर सेकंदाला दोन जण मागे राहतात, मिनिटाला १२०, पाच मिनिटांत ६००. सहाशेच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला आत जायला लागणार एक मिनिट. आणि शिपायाला सांगून ठेवलंय की साठ सेकंदात उत्तर आलं नाही तर माणसाला परत पाठव. यालाच टाइमआउट म्हणतात.

म्हणजे गर्दी क्षमतेपेक्षा पाचव्या हिश्श्यानं जास्त झाली, तर पाच मिनिटांत जवळपास प्रत्येकजण रिकाम्या हातानं परत. आणि खरी वाईट गोष्ट पुढेच आहे. परत गेलेल्या माणसाचा अर्ज आतल्या ढिगात तसाच पडून असतो. बाबू तो काढून काम करत बसतो, आणि ते कोणासाठी, तर निघून गेलेल्या माणसासाठी. बाहेर तोच माणूस पुन्हा रांगेत लागलाय, नवा अर्ज घेऊन. मोबाईलवर आपण रिफ्रेश दाबतो तेव्हा हेच करतो. एकाचे चार अर्ज होतात. सर्व्हर मरेस्तोवर राबतो, आणि तरी कोणाचंच काम होत नाही. सकाळी अकराला चढलेली गर्दी दुपारी दोनला ओसरली, तरी साईट चारपर्यंत सुधरत नाही, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

हे झालं गर्दीचं. पण येतंय-जातंय होण्याची आणखी कारणं आहेत, आणि त्यांचा गर्दीशी थेट संबंध असतोच असं नाही.

एक. पाचपैकी एक खिडकी बिघडलेली. बाबू हजर आहे, पण त्याच्याकडे रेकॉर्ड रूमची किल्लीच नाही. शिपाई फक्त खिडकी उघडी आहे का एवढंच बघतो, आणि दर पाचवा माणूस तिकडे पाठवतो. त्याहून वाईट असं की ही खिडकी "होत नाही" म्हणून लगेच मोकळी होते. त्यामुळे जो शिपाई सगळ्यात मोकळी खिडकी शोधतो, तो उलट जास्तच माणसं तिकडे ढकलतो. तुमचं होतं आणि शेजाऱ्याचं होत नाही, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं. नशिबात कोणती खिडकी आली, बस.

दोन. रेकॉर्ड रूममध्ये गेलेला बाबू बाहेरच येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं डेटाबेसचं कनेक्शन उघडलं आणि एखाद्या चुकीच्या वाटेवर ते बंद करायचं राहून गेलं. वीस जागांपैकी एकेक जागा अडत जाते. सकाळी साईट मस्त चालते, दुपारपर्यंत गुदमरते. मग कोणीतरी सर्व्हर बंद करून चालू करतं, साईट पुन्हा पळते, आणि सगळे म्हणतात झालं दुरुस्त. दुरुस्त काहीच झालेलं नसतं.

तीन. शिपाई आणि खिडकी यांच्या वेळा जुळत नाहीत. शिपायाला वाटतं खिडकीचं शटर मिनिटभर उघडं राहणार, खिडकी मात्र अर्ध्या मिनिटात शटर पाडते. नेमक्या त्या क्षणी पाठवलेला माणूस शटरवर आदळतो. असे हजारात चार-दोनच असतात, म्हणून सापडायला महाकठीण. स्क्रीनवर ५०२ दिसतं ते कधीकधी यामुळे.

चार. मूळ सेटिंग कोणी बदललेलीच नाही. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एका प्रोग्रामनं एका वेळी किती फायली आणि कनेक्शनं उघडी ठेवावीत याला मर्यादा असते, आणि अनेक ठिकाणी ती मुळात १०२४ असते. मशीन कितीही मोठं घ्या, हा आकडा वाढवला नाही तर त्यापुढचा माणूस दारातच थांबणार.

पाच. बाहेरचं दार. आधारची पडताळणी, एसएमएस, बँक, जमिनीच्या नोंदी हे सगळं दुसऱ्यांच्या सर्व्हरवर. तिथं उत्तर यायला दहा सेकंद लागले तर इथला बाबू दहा सेकंद हात बांधून उभा. पाचही खिडक्यांवरचे बाबू असे उभे राहिले की कार्यालय चालू असूनही बंद.

आता हे सगळं वाचून कोणी म्हणेल, भाऊ, हे लई अवघड आहे. अवघड आहे, पण जगाला माहीत नसलेलं यात काही नाही. शोधायची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक अर्जाला आत शिरतानाच एक नंबर द्यायचा, आणि गेट, खिडकी, रेकॉर्ड रूम, बाहेरचं दार या चारही ठिकाणच्या नोंदवहीत तोच नंबर वेळेसकट लिहायचा. मग अडकलेला अर्ज कुठं अडकला ते दिसतं. सरासरी बघायची नाही, प्रत्येक खिडकीचा वेगळा हिशोब बघायचा. सगळ्यात हळू असलेले शंभरातले पाच अर्ज आधी तपासायचे. आणि साईट सुरू करण्याआधीच शेवटच्या दिवसाइतकी खोटी गर्दी सोडून बघायची. पाचशे नोंदींवर झालेली चाचणी लाखो नोंदींच्या दिवशी कामाची नसते. नोंदी वाढल्या की शोधायला लागणारे दोन सेकंद चार होतात, आणि वरचा हिशोब लगेच निम्म्यावर येतो.

स्क्रीनवरचे आकडेसुद्धा काहीतरी सांगत असतात. ५०२ म्हणजे शिपायाला खिडकीकडून उत्तर आलं, पण ते तुटकं किंवा निरर्थक होतं. ५०३ म्हणजे आत्ता घेऊ शकत नाही. ५०४ म्हणजे शिपाई वाट बघून थकला. तीन आकडे, तीन वेगळे आजार. आपल्यापर्यंत मात्र एकच शब्द पोचतो: डाऊन. ताप आला म्हणून गेलेल्या प्रत्येकाला डॉक्टरनं "तब्येत खराब आहे" एवढंच सांगून परत पाठवावं, तसं.

आता आपल्या राज्याचा अनुभव बघू.

१६ जुलै २०२१. दहावीचा निकाल दुपारी एकला. पंधरा लाखांहून जास्त विद्यार्थी, आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडलीच नाहीत. त्याच्या अडीच महिने आधी, २८ एप्रिलला, अठरा वर्षांवरील सगळ्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी दुपारी चारला सुरू झाली आणि लगेच अडखळली. सावरल्यावर त्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली.

अकरावीचं घ्या. २०२५ च्या आधी ऑनलाइन प्रवेश फक्त मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांच्या भागात होते. त्या वर्षी पहिल्यांदा ते सगळ्या राज्याला लागू झाले, म्हणजे आपल्या मालेगावच्या आणि मंगरूळपीरच्या पोरांनाही. २१ मे रोजी नोंदणी सुरू झाली, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं, आणि पुन्हा २६ मे पासून सुरू करावं लागलं. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीतही २०२५ च्या सप्टेंबरपासून ओटीपीची बोंब झाली. मुदत आधी १८ नोव्हेंबर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

आणि आपला पीक विमा. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, राज्यभरातून दीड कोटीहून जास्त अर्ज झाले, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टवर गेली. २०२४ मध्ये १५ जुलैची ३१ जुलै झाली. २०२५ मध्ये योजना बदलली, पण मुदत पुन्हा ऑगस्टमध्ये गेलीच. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. पेरणी पावसावर, आणि पेरल्याशिवाय विमा कशाचा काढणार? पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि पेरणी लांबली की अर्ज. मग "लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात, त्यांचीच चूक" असं म्हणणाऱ्यांनी एकदा शेताच्या बांधावर येऊन बघावं.

माझा मुद्दा असा आहे. पाऊस कधी येईल हे सांगता येत नाही. पण ३१ जुलैला गर्दी होणार हे कॅलेंडरवर छापलेलं आहे. निकाल दुपारी एकला लावला तर एक वाजता सगळे येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. जी गर्दी आधीपासून माहीत आहे, तिच्यामुळे झालेल्या बिघाडाला नैसर्गिक आपत्तीसारखं वागवू नका. "सर्व्हर डाऊन" असं आपण "वीज पडली" सारखं म्हणतो, जणू कोणाचा हातच नाही. हात आहे. कोणीतरी ती यंत्रणा बांधली, कोणीतरी तपासून पैसे दिले, कोणीतरी तारीख ठरवली.

मुदतवाढ हा उपाय आहे का? तात्पुरता, हो. पण मुदतवाढ म्हणजे गर्दीची तारीख पुढे ढकलणं. नव्या शेवटच्या दिवशी तेच होतं. गर्दी पांगवण्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. रेल्वेचं तत्काळ तिकीट आधी सगळ्या वर्गांसाठी सकाळी दहालाच उघडायचं. जून २०१५ पासून एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला केलं. नुसती वेळ बदलली आणि एका क्षणाचा बोजा दोन ठिकाणी वाटला गेला. मग तालुकावार तारखा ठरवायला, आज मानोरा आणि उद्या रिसोड असं करायला काय हरकत आहे?

अमेरिकेसारख्या देशातही असं झालंय. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथल्या सरकारची आरोग्य विम्याची साईट सुरू झाली. पहिल्या दिवशी लाखो लोक आले आणि नोंदणी पूर्ण झाली फक्त सहा जणांची. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. महिन्याच्या आत त्यांच्या आरोग्यमंत्र्यांना संसदेच्या समितीसमोर बसून उत्तरं द्यावी लागली. बाहेरचे जाणकार बोलावले. आधी आत काय चाललंय हे दाखवणारे फलक लावले, मग एकेक गाठ सोडवली. गर्दी झाली की साईटनं लोकांना रांगेत ठेवायचं आणि नंतर परत बोलवायचं अशी सोय केली. दोन महिन्यांत साईट वापरण्याजोगी झाली. लाज त्यांचीही गेलीच, पण "डाऊन होतं" एवढ्यावर विषय संपला नाही.

आणि आपल्याकडेही शहाणपणा दिसलाय, तो सांगायलाच हवा. २०२० च्या डिसेंबरात राज्यातल्या १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचे उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरायचे होते. साईट अडखळली. शेवटचा दिवस होता ३० डिसेंबर. तेव्हा राज्य निवडणूक आयोगानं कागदावर अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि वेळ संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. यंत्र अडलं तर माणसाचा हक्क अडू नये, हे तत्त्व तिथं पाळलं गेलं. निवडणुकीला जे जमतं, ते पीक विम्याला आणि ई-केवायसीला का जमू नये? की तिथं उमेदवार असतो आणि इथं नुसता शेतकरी, म्हणून?

माझ्या मागण्या चारच आहेत, आणि त्यातली एकही आकाशातली नाही.

पहिली, फॉर्म जिथपर्यंत भरला तिथपर्यंत जपून ठेवा. सातव्या टप्प्यावर अडकलेल्याला पुन्हा पहिल्यावर पाठवू नका. वरचा ४८ टक्क्यांचा हिशोब एवढ्या एका गोष्टीनं बदलतो.

दुसरी, अर्ज अडला तर वेळ आणि नंबर असलेली पावती द्या. "या माणसानं मुदतीत प्रयत्न केला होता" हे त्या पावतीवरून सिद्ध व्हावं आणि मुदत गेल्यावरही त्याचा अर्ज घेतला जावा.

तिसरी, मोठ्या योजनेची साईट अडखळली तर आठ दिवसांत साध्या मराठीत जाहीर करा की काय बिघडलं, किती जणांचं अडलं, काय दुरुस्त केलं.

चौथी, अमुक इतके तास साईट अडली तर कागदावर अर्ज घ्यायचे, हा नियम आधीच लिहून ठेवा. दर वेळी मोर्चा काढून तो मिळवावा लागू नये.

आणि एक विनंती आपल्या लोकांना. सेवा केंद्रावरच्या पोराला शिव्या देऊ नका. विम्याच्या एका अर्जामागे त्याला चाळीस रुपये मिळतात आणि तो रात्री दोनला, साईट हलकी होते म्हणून, जागा असतो. खिडकीवरच्या बाबूचाही यात दोष नाही. ज्यांचा आहे ते आपल्या हाताच्या टप्प्यात नाहीत, म्हणून राग जवळच्यावर निघतो. एक दिवस सुटला की मजुरी जाते, एसटीचं भाडं जातं, आणि त्या नुकसानीची नोंद कोणत्याच सर्व्हरवर होत नाही.

म्हणून नोंद आपणच ठेवायची. साईट अडली की लगेच स्क्रीनशॉट काढा, त्यात वेळ आणि आकडा दिसू द्या. सबमिट दहा वेळा दाबू नका, थोडं थांबून एकदा दाबा, आणि पैसे कटले असतील तर पुन्हा भरण्याआधी खात्री करा. नाव, गाव, तारीख, कोणत्या टप्प्यावर अडलं, हे वहीत लिहा. एका माणसाची तक्रार म्हणजे रडगाणं. एका तालुक्याच्या तीनशे नोंदी, वेळेसकट, म्हणजे पुरावा. मग माहिती अधिकारात विचारता येतं: अमुक दिवशी अमुक वाजता किती विनंत्या आल्या, किती अपयशी ठरल्या, कारण काय नोंदवलं?

यापुढे कोणी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणालं, की शांतपणे एवढंच विचारा: "कोणता? कधीपासून? आणि माझ्या अर्जाचं काय?"

तुमच्या गावात कोणत्या योजनेचं, कोणत्या टप्प्यावर अडलं ते खाली लिहा. वेळ आणि तारीख नक्की टाका. आपली वही इथूनच सुरू करू.